ही बाई दिसल्यास

१२ जानेवारी २०२५
गावाचं नाव लिहीत नाही

वन्सं,

वर 'पाया पडते' असं लिहायला हात धजला नाही. खोटं कशाला लिहू?

तुमचा भाऊ येऊन गेला. सोमवारी, भर दुपारी. बरोबर दोघं होते, ऑफिसातलीच पोरं. त्यांना मी माझ्या हातानं चहा दिलाय. मी शबीनाच्या गिरणीत बायकांची दळणं उतरवून घेत होते आणि मोना पोत्यावर बसून पाढे म्हणत होती. त्यानं काही विचारलं नाही. माझे केस धरून मला बाहेर ओढलं आणि गिरणीच्या दगडी पायरीवर माझं तोंड आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पुढचे दात तुटले. एक मी थुंकून टाकला, दुसरा कुठं गेला माहीत नाही. मोनानं धावत येऊन त्याच्या मनगटाला चावा घेतला. त्यानं तिला लाथ घातली, वन्सं. पोटात. पोरगी पिठाच्या डब्यांवर जाऊन आदळली आणि बराच वेळ तिला रडायलाही येईना.

शबीनाचे सासरे, राजमहंमदचाचा, मागच्या खोलीत पडले होते. आवाज ऐकून ते पहार घेऊन बाहेर आले. सत्तरीचं माणूस, पहार दोन्ही हातांनी धरलेली.

"सोड तिला. न्हायतर डोस्कं फुटंल तुजं."

तो मागं सरला. गाडीत बसताना शर्ट झटकला आणि चक्क हसला. म्हणाला, "अंजे, पुढच्या वेळी मी येणार नाही. लोकच तुला धरून आणून देतील."

मी कळंबला आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. पिंपळीला माहेरी आबांनाही मी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ते स्वतः मला गाडीत घालून त्याच्या दारात सोडून आले असते. शबीना माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, हेही तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्ही गुरुवारी आलात. मोनाचा शाळेचा दाखला आणलात, घरची बाजरी आणलीत, तिथंच दळून भाकरी थापल्यात. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. आणि सोमवारी तो दारात.

तुमच्या पाठचा भाऊ आहे तो. आई गेल्यावर तुम्ही त्याला कडेवर वाढवलंत. मी परक्या घरची. एवढं मला समजतं. पण मोनाचा तरी विचार करायचा होता.

आम्ही कळंब सोडलं आहे. काही लिहायचं असेल तर शबीनाच्या नावानं गिरणीच्या पत्त्यावर लिहा, मला पोचेल. फोन मी वापरत नाही. का ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगायची इच्छाही नाही.

अंजली


२७ जानेवारी
इंदापूर

वन्सं,

तुमचं पत्र शबीना घेऊन आली. 'म्हसोबाची आण, म्या कुनाला बोलले न्हाय' एवढंच वाचून मी ते बाजूला टाकलं होतं. आण कुणीही घेतं. दुपारी पुन्हा उचललं आणि पुढचं वाचलं: 'अवीनं मला इचारलं, आक्का, कळंबला काय काम काढलंवतंस? म्या म्हनलं, तुला कुनी सांगितलं? त्यानं माज्या फोनाकडं बोट केलं आन हासला.'

तिथंच मला कळलं. वन्सं, तुम्ही मला माफ करा. तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्या पिशवीतल्या फोननं सांगितलं.

तुमच्या फोनमध्ये पाऊस आणि बाजारभाव सांगणारं ते अ‍ॅप आहे ना, 'शिवारवारा'? त्यानंच टाकून दिलं होतं. ते आमच्याच ऑफिसात तयार झालं. नाव मी सुचवलं होतं, वरचं कणसाचं चित्रही माझंच. ते फुकट असतं. उघडताना ते विचारतं, तुमचं ठिकाण कळू द्याल का, म्हणजे तुमच्या गावचा पाऊस सांगता येईल. माणूस 'हो' म्हणतो. तेव्हापासून तो फोन कुठं जातो, कुठल्या दुकानात थांबतो, कुणाच्या घरी मुक्काम करतो, सगळं नकाशावर ठिपका होऊन दिसत राहतं. जिल्हाभरातले हजारो ठिपके. नावं नसतात, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. पण एखादा ठिपका रोज मोरगावच्या वस्तीवर झोपत असेल तर नाव कशाला लागतं? बियाणंवाले, पंपवाले, दवाखानेवाले ही माहिती विकत घ्यायचे, आणि मग त्या त्या माणसाच्या फोनवर त्या त्या जाहिराती जायच्या. आमच्या घरातली चूल त्यावर पेटायची.

तुमचा ठिपका कधी मोरगाव-बारामतीच्या पलीकडं जात नाही. त्या गुरुवारी तो कळंबच्या गिरणीत दुपारभर थांबला. त्याला एवढं पुरलं.

आता मी फोन का टाकला तेही ऐका. गेल्या वर्षी माझा हात मोडला तेव्हा मी न्हाणीघरात पडले असं तुम्हाला सांगितलं होतं. मी पडले नव्हते. मी फोनवर पोटगीची माहिती शोधली होती. शोधून लगेच पुसूनही टाकली. पण घरातले सगळे फोन एकाच खात्यावर आणि एकाच वायफायवर. दुसऱ्या दिवशी तो घरी जेवताना क्रिकेट बघत होता आणि त्याच्या पडद्यावर खाली पट्टी आली: 'घटस्फोट हवा आहे? पहिला सल्ला मोफत.' त्यानं ताट बाजूला सारलं आणि फोन माझ्याकडं वळवला.

"हे माझ्या फोनवर का आलं, अंजली?"

धंदाच त्याचा. का आलं ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्यानं माझा हात तिथंच दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दार लावलं. लागलं नाही म्हणून परत लावलं. मोना पलीकडच्या खोलीत गाणी लावून बसली होती. मी ओरडले नाही, ती येईल म्हणून.

म्हणून घर सोडताना फोन गादीखाली ठेवून आले. माझा मागमूस लागणार नाही अशी खात्री होती. दुसऱ्याच्या फोनवरून माझा माग निघेल हे मला, ज्या बाईनं ते कणीस रंगवलं तिला, सुचलं नाही.

तुम्ही ते अ‍ॅप काढू नका, त्याला संशय येईल. बाहेर पडायचं झालं तर फोन शेळ्यांच्या वाड्यात ठेवून जा. तुमचा ठिपका शेळ्यांपाशी बसू दे.

आम्ही शबीनाच्या आईकडं इंदापुरात आहोत. बघा, गावाचं नाव लिहिलं. ब्लाउज शिवते. मोनाच्या पोटातलं दुखणं थांबलंय, पण गाडीचा हॉर्न वाजला की पलंगाखाली जाते.

तुमची अंजली


११ फेब्रुवारी
इंदापूर

वन्सं,

तो म्हणाला होता तसंच झालं. लोकांनीच मला धरलं. जमेल तसं लिहिते.

शनिवारी शेजारची बाई ब्लाउज न्यायला आली. मशीनपाशी बसून फोनवर मासवडीचा व्हिडिओ बघत होती. मधेच थांबली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोनकडं बघितलं. मग फोन माझ्यासमोर धरला.

माझा फोटो. मोनाच्या वाढदिवसाचा, ती माझ्या मांडीवर. कडेला तुम्ही होतात, तुम्हाला कापलंय, नुसता खांदा दिसतो. खाली मजकूर: 'ही बाई दिसल्यास त्वरित कळवा. मानसिक तोल गेलेला आहे. लहान मुलीला पळवून नेले असून मुलीच्या जिवाला धोका आहे. कळवणाऱ्यास योग्य बक्षीस.' देणाऱ्याचं नाव कुठलंतरी 'मदतीचा हात'. नंबर मी ओळखला, ऑफिसातल्या पोराचा.

त्यानं नकाशावर इंदापूर तालुक्याभोवती गोल काढला असणार, कळंब याच तालुक्यात येतं. असे गोल मी कितीदा काढलेत, खताच्या आणि क्लासच्या जाहिरातींसाठी. गोलाच्या आत जो जो फोन उघडेल त्याला जाहिरात दिसते. बातम्या वाचताना, भजन ऐकताना, पोरांचे खेळ खेळताना. दोन दिवसांत गल्लीतली सगळी दारं आम्ही दिसलो की थोडी उघडायला लागली.

चाचा म्हणाले, पोरी, हितं ऱ्हायचं न्हाय. सोलापूरला त्यांची मुलगी असते, तिच्याकडं आम्हाला पोचवायला ते स्वतः कळंबहून आले. सोमवारी सकाळी आम्ही इंदापूरच्या स्टँडवर गेलो. मी तोंडावर पदर घेतला होता. मोनाला तो घेता येत नव्हता. लोकांनी मोनाला ओळखलं.

एक तरुण माणूस, चांगल्या कपड्यातला, खाली वाकून तिला म्हणाला, "बाळा, नाव काय तुझं?"

मोनानं सांगितलं.

तो उभा राहून ओरडला, "हीच ती! पोरगी पळवलेली हीच!"

वन्सं, ते गुंड नव्हते. एकाच्या हातात मुलाचं दप्तर होतं. एक बाई डबा घेऊन निघाली होती. त्या सगळ्यांना वाटत होतं की ते एका पोरीला वाचवतायत. एकानं मोनाला उचललं. ती "आई, आई" करून ओरडायला लागली तर बाई म्हणाली, "बघा कशी भेदरलीय." मी झडप घातली तर कुणीतरी माझा मोडलेला हातच पिरगळला. चाचा मधे घुसले.

"सोडा पोरीला. तिची आईच हाय ती. घरची मानसं हाय आमी."

"घरची? तुमी कोन तिचं?"

"बापाच्या जागी हाय."

"नाव काय तुमचं?"

"राजमहंमद."

त्या नावानंतर कुणी काही विचारलं नाही. आधी एकच हात उठला. मग किती उठले कळलं नाही. पट्टे काढले. रसाच्या गाड्याची फळी उपसली. चाचा खाली पडले तरी "पोरगी, पोरगी" म्हणत होते. त्यांना वाटत होतं मोना पायाखाली येईल. मी त्यांच्या अंगावर पडले. माझ्या पाठीवर बसलेले फटके मला आवाजासारखे आठवतात, दुखल्याचं आठवत नाही. खाली चाचांच्या डोक्यातून ऊन ऊन काहीतरी माझ्या गळ्यावर येत होतं. भोवती सगळ्यांचे फोन वर होते.

पोलीस आले आणि त्यांनी मलाच गाडीत घातलं. चौकीतला शिपाई मला दम देत होता, "खरं सांग, कुणाची पोर आहे?" समोर टेबलावर त्याचा फोन होता. त्यावर गाडीचा हप्ता आला, चपलांचा सेल आला आणि मग मी आले. मी समोर बसलेली असताना. त्यानं गुपचूप फोन पालथा घातला.

एक बाई हवालदार होती, तिनं मोनाला जवळ घेऊन नीट विचारलं. मग कळंब ज्यांच्या हद्दीत येतं त्या वालचंदनगरच्या पोलिसांना फोन लावून, गिरणीतल्या मारहाणीची शबीनानं जानेवारीत दिलेल्या तक्रारीची खात्री केली. म्हणून आम्ही सुटलो. मारणाऱ्यांपैकी दोघांना धरलंय. ते सारखं तेच म्हणतायत, "आम्ही फोनवर बघितलं होतं, साहेब." जाहिरात कुणी दिली हे फोनवर जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीला विचारलंय म्हणे. उत्तर नाही. जाहिरात अजून चालूच आहे.

चाचा शुद्धीवर नाहीत. तुमच्या म्हसोबाला त्यांच्यासाठी काही बोला.

अंजली


२२ फेब्रुवारी
कळंब

वन्सं,

राजमहंमदचाचा गेले.

दफन कळंबलाच झालं. मी शबीनासमोर जाऊ शकत नव्हते. गिरणीच्या मागं भिंतीला टेकून बसून राहिले. ती जेवायला ताट ठेवायची आणि निघून जायची. तिचा नवरा अबरार ट्रकवरून आला, त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचा काय दोष? मी पिशवी भरली. तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "गेलीस तर अब्बा उगंच मेले असं होईल. गप बस खाली."

मी बसले.

परवा सोमनाथ म्हणून एक जण आला. इंदापूरला बातम्यांची वेबसाइट चालवतो, एकटाच लिहितो, एकटाच फोटो काढतो. चाचांची बातमी त्यानंच सगळ्यांत आधी दिली होती, सरळ आणि खरी. शबीनानं त्याला त्याचंच पान उघडून दाखवलं. वर बातमी: जमावाच्या मारहाणीत वृद्धाचा मृत्यू. आणि बातमीच्या मधोमध चौकोनात माझा फोटो. ही बाई दिसल्यास.

त्यानं स्वतःच्या फोनवर तेच पान उघडलं. "मी न्हाय लावली ही, ताई. आईशपथ. माझ्या फोनवर तितं टायरची जाहिरात दिसती."

"तुमचं पान, आणि त्यावर काय लागलंय ते तुम्हाला ठाऊक नाही?" शबीना म्हणाली.

"जागा माझी, पन लिलाव त्या जाहिरातीच्या कंपनीचा. कोन पान उघडतंय ते बघून त्या क्षणाला लिलाव हुतो. जाहिरातवाल्याचा दलाल त्यांचाच, माझा दलाल त्यांचाच, लिलाव पुकारनाराबी त्यांचाच. मला महिन्याअखेरी एवढंच कळतं की माझ्या वाट्याला काय उरलं."

"मग त्यांना सोडा. दुसऱ्याकडं जा."

"दुसरा हाय कुठं?"

त्याला राग आला नव्हता. विचारून विचारून थकलेल्या माणसासारखं तो बोलला.

मी त्याला म्हटलं, मला तुमचा कॉम्प्युटर द्या. मला ते काम येतं. मी त्यावर एक जाहिरात केली आणि सगळं मांडलं. माझा फुटलेला चेहरा, शबीनानं जानेवारीत काढून ठेवला होता तो. मोडलेल्या हाताचा एक्सरे. चाचांचं नाव, आणि ती जाहिरात कुणी दिली ते. बारामतीभोवती गोल काढला. तुमच्या भावाचं ऑफिस, त्याची गिऱ्हाइकं, सगळी त्या गोलात घेतली. त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर मी दिसणार होते. वन्सं, त्या क्षणाला मला फार बरं वाटलं. त्याला लोकांनी फळीनं मारलं असतं तरी मी डोळे मिटले नसते.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कंपनीचं उत्तर आलं. नामंजूर. आशय धक्कादायक आहे. फोटो काढून नुसते शब्द ठेवले. नामंजूर. व्यक्तीवर आरोप आहे. दाद मागितली तर तेच उत्तर पुन्हा. त्याच्या जाहिरातीविरुद्ध आम्ही तिघांनी तक्रारी केल्या होत्या, त्यांचंही उत्तर त्याच दिवशी मिळालं: तपासलं, नियमात बसते. त्याचं खातं जुनं आहे, रोज पैसे ओतणारं. माझं त्याच दिवशी जन्मलेलं. समोर माणूसच नव्हता, तर भांडू कुणाशी?

सोमनाथनं तिथल्या तिथं आपल्या पानावरच्या सगळ्या जाहिराती बंद केल्या. आता तो लग्नपत्रिका छापून भागवणार म्हणाला.

आणि आज तुमचं पत्र आलं. 'म्या बारामतीला जाते. त्याच्या हापिसापुढं हुबी ऱ्हाऊन बोलते. माज्या तोंडाला कुनाची मंजुरी लागत न्हाय.'

नका जाऊ. वन्सं, हात जोडते. तो तुम्हाला आईच्या जागी मानतो ते तुम्ही गप्प आहात तोवर. मीही तीन वर्षं लाडकी होते. पोलिसांना त्यांचं काम करू द्या. हे पत्र वाचून माघारी फिरा. वाटेत असाल तरी फिरा.

अंजली


१० मार्च
कळंब

वन्सं,

माझं पत्र तुम्ही निघून गेल्यावर पोचलं.

डॉक्टर म्हणतात त्या दिवसाचं तुम्हाला काही आठवत नाही, कदाचित आठवणारही नाही. दवाखान्यात तुम्ही मला दोनदा विचारलंत, "मला कुनी मारलं गं?" तेव्हा तुमच्या उशाशी बसून मला सांगता आलं नाही. तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. मला हे त्याच्या ऑफिसाखालचे पाणीपंपाचे दुकानदार आबाजी आणि तिथल्या दोन बायकांनी सांगितलं. फोनवर काढलेलंही मी पाहिलं.

त्या दिवशी बारामतीचा बाजार होता. तुमचा फोन शेळ्यांच्या वाड्यातच सापडला, म्हणजे मी सांगितलं तसंच तुम्ही केलंत. तुम्ही येताय हे त्याला कळलं नाही. भिगवण रस्त्यावर त्याच्या ऑफिसाखाली तुम्ही आधी दुकानं घेतलीत. एकेका दुकानात शिरून विचारलंत, "वर जाहिराती करतोय त्यो तुमचीबी करतो का?" कुणी हो म्हटलं की सांगायला लागायचात, "त्यो माजा भाऊ हाय. त्यानं बायकूचा हात दारात घालून मोडला. तिचा फोटू फोनाफोनात लावला आन एका म्हाताऱ्याचा जीव घेतला. राजमहंमद नाव त्याचं. बाजारातलं कुनीबी मला खोटं पाडावं." आबाजी म्हणाले, बाई ओरडत नव्हती, म्हणून सगळे थांबून ऐकायला लागले.

तो खाली आला. आधी हसत.

"आक्का, वर चल. चहा घे."

"चा नगं. नाव घे त्याचं."

"कुणाचं?"

"ज्याला मारवलंस त्याचं. राजमहंमद. म्हन."

"आक्का, लोक बघतायत."

"बघू दे की. तुजा धंदाच लोकांना दावायचा हाय."

त्यानं तुमच्या थोबाडीत मारली. ज्या बहिणीनं त्याला कडेवर वाढवलं तिच्या. तुम्ही पडलात, उठलात आणि पुन्हा म्हणालात, "नाव घे." त्यानं पुन्हा मारलं. तुम्ही पुन्हा उठलात. मग त्यानं शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि तुमच्या डाव्या कानावर घातला. दुसरा घाव खांद्यावर बसला. भोवती पन्नासेक माणसं होती, वन्सं. सगळे फोन धरून उभे. तिसऱ्यांदा आकडा वर गेला तेव्हा आबाजींनी स्वतःचा फोन खाली टाकला आणि मागून त्याला मिठी घातली. आबाजी सांगताना रडले. म्हणाले, "पैल्याच थोबाडीला धरायला पायजे हुतं, पोरी. मी शूटिंग करत बसलो."

मग सगळेच तुटून पडले. त्याला खाली पाडला, लाथा सुरू झाल्या. कुणीतरी तोच आकडा उचलला. तुम्ही रक्तात पडला होतात. तिथून हात पुढं करून आकडा धरणाऱ्याचा पाय पकडलात आणि म्हणालात, "मारू नगा. जित्ता न्या. त्याला अजून बोलायचं हाय."

त्यामुळं तो वाचला. वन्सं, खरं लिहिते. तुम्ही तो पाय धरला नसता तर बरं झालं असतं असं मला अजून काही वेळा वाटतं. मग स्टँडवरचं आठवतं आणि वाटणं थांबतं. थांबतं आणि परत सुरू होतं.

तो कोठडीत आहे. तुमच्यावरच्या हल्ल्यासाठी जामीन नाकारला. ऑफिसातले कॉम्प्युटर पोलिसांनी नेले. ज्या पोराच्या नंबरवर ती जाहिरात होती त्यानं सगळं सांगितलं, आणि शिवारवाऱ्याच्या नकाशावर तुमचा ठिपका कसा बघितला तेही सांगितलं. आता राजमहंमदचाचांच्या गुन्ह्यातही त्याचं नाव आलंय. कंपनीचं उत्तर शेवटी आलं. पोलिसांनी शबीनाला वाचून दाखवलं. 'सदर जाहिरात सध्या चालू नाही.' एवढंच. शबीनानं ते परत वाचायला लावलं, पुढं काही असेल म्हणून.

शिवारवारा अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. बंद करणारा कुणी नाही, तर ते ठिपके कुठंतरी जमतच असतील. मी कळंबमध्ये दळणाला येणाऱ्या बायकांच्या फोनमधून ते काढून टाकते. कुणी देतात, कुणी म्हणतात, "ऱ्हाऊ दे, पाऊस कळतोय."

पोलीस तुमचा जबाब घ्यायला येतील. तुम्हाला जे आठवतं तेवढंच सांगा. मी इथं लिहिलंय ते आठवतंय असं सांगू नका. सांगणारे आबाजी आहेत, त्या बायका आहेत. त्याच्या वकिलाला तुम्हाला खोटं पाडायची संधी नको.

आणि आता माझं. मी येत्या रविवारी मोनाला घेऊन मोरगावला येते. सोलापूर नाही, पिंपळी नाही. तुमच्याकडं. शबीना म्हणाली, शेळ्या आणि बाजरी एका हातानं कशा बघतील त्या, जा. वस्तीवरचं नवं घर मी पाहिलेलं नाही. तुम्ही स्टँडवर येऊ नका, अजून झोक जातो तुम्हाला. मी उतरून दिसेल त्या पहिल्या माणसाला रस्ता विचारीन. त्यानंही तो फोटो पाहिला असेल. तो म्हणेल, तुम्ही कोण? मी पदर न घेता, पडक्या दातांनी सांगीन, मी अंजली, सारजाबाईंची भावजय.

डाव्या कानानं पुन्हा ऐकू येणार नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, म्हणून मीच लिहिते. मोनाला हे मी सांगून ठेवलंय. ती आत्तापासून भांडतेय की आत्याच्या उजव्या बाजूला मीच बसणार, मला खूप बोलायचंय.

बसू दे तिला. मी डाव्या बाजूला बसेन. माझं लिहून झालंय.

अंजली